बारावा पत्ता

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात, चणे-खाज्यांच्या रांगेपलीकडे,
जिथे जुन्या कुलपांना किल्ल्या मिळत नाहीत
आणि किल्ल्यांना कुलपं,
तिथे बिस्किटांच्या डब्यात मला पहिला सापडला.

काडेपेटीहून जरासा उंच.
मागे नारिंगी आकाश,
मे सरताना शापोऱ्यावर असतं तसलं.
पुढे एक गोरा माणूस, गळाबंद सदरा,
हातात दांडू.
विटी कुठेच नाही.

माझं चष्म्यांचं दुकान. भिंग खिशातच असतं.
छातीवर बंदराचं नाव : बाल्टिमोर.
पायाखाली छापलेलं : डॉबिन्स.
पाठीवर सिगारेटची जाहिरात, आणि तिच्यावर आडवं,
रोमी अक्षरांत, शिसपेन्सिलीनं :
हो आमचो बोस्त्यांव.

डबेवाला म्हणाला, शिवोलीला जा, पोदेराकडे.

क्लोतिल्द भट्टीशी होती. हात कोपरापर्यंत पीठ.
तिच्या बापाचा बाप तारवटी, जहाजाच्या भटारखान्यात.
साहेब पाकीट फोडायचे, ओढायचे,
आतला पत्ता समुद्रात टाकायचे;
हा हात पुढे करायचा.
जहाज त्या एकाच बंदरात नादुरुस्त पडलं सहा महिने.
(चार, तिचा भाऊ आतून ओरडला.)
म्हणून एकच संघ.

तो खेळ त्याला कळला नाही कधी.
मलाही नाही. किती पळायचं, कुठे थांबायचं,
आणि घरी परत आला की गुण का मिळतो.

पण माणसं त्याला कळत होती.
डॉबिन्स म्हणजे बोस्त्यांव, कापणीनंतरच्या शेतात गोल राखणारा.
मातीत घसरत येतो तो रुझार,
सांजांवाला विहिरीत पहिली उडी त्याची.
एकजण नुसता वाकून उभा आहे, त्याच्यामागे लिहिलंय :
पाठ दुखता, मानुएल कसो.
आणि जाड मिशांच्या पाठीवर नाव नाहीच,
फक्त : येणें दोन रुपये.

तिच्याकडे सहा होते, प्रार्थनेच्या पुस्तकात.
पीठभरल्या बोटांनी तिनं ते माझ्यासमोर धरले
आणि माझ्या पोटात गोळा आला.
तिला ते दिसलं. ती हसली.
पाव खा आधी, म्हणाली.

तीन पुढे त्याच बाजारात, दोन वर्षांत.
एक अस्नोड्याच्या न्हाव्याकडे, आरशाखाली,
आरसा हलू नये म्हणून घडी न घालता दाबलेला;
त्याच्या पाठीवर अक्षरं नव्हे, एक नांगर.

अकरा झाले. बारावा राहिला,
तोंडावर जाळी, हातात उशीएवढा पंजा, उकिडवा बसलेला.
त्याच्यासाठी मी अमेरिकेतल्या एका दंतवैद्याला
चार वर्षं पत्रं लिहिली.
किंमत घरी सांगितली नाही. इथेही सांगत नाही.

तो आला पारदर्शक पिशवीत.
चारही कोपरे सुईसारखे.
वासच नाही.
अशा कोपऱ्यांसाठी लोक जमिनी विकतात म्हणे,
आणि मी दुकानात दिवा लावून
पुन्हा पुन्हा फक्त पाठ बघत होतो.

आपल्या भाषेत पत्ता म्हणजे खेळायचा,
आणि पत्ता म्हणजे जिथे माणूस भेटतो तो.

शिसपेन्सिल टोक करून ठेवली होती.
लिहिलं नाही. शिवोलीला गेलो.

क्लोतिल्दला आता थोडं कमी दिसतं;
तिचा नंबर मीच काढलाय.
तिनं चित्र पाहिलंच नाही. सरळ उलटा केला,
दारातल्या उजेडाकडे धरला, खूप वेळ.
बरयल्लें ना कांय.
नाही, मी म्हणालो.

मग हा उतरलाच नाही अजून, ती म्हणाली,
आणि भट्टीचं झाकण लावायला उठली.