शून्याखाली

एर्झुरुमच्या दवाखान्यात तिला आडवं निजवलं.
यंत्राचा हात वरून फिरला, सावकाश,
कण्यावरून, खुब्यावरून.
"हलू नकोस, एल्वान."
ती दगडासारखी पडून राहिली.
मग डॉक्टरीणबाईंनी कागद वाचला:
"शून्याखाली एक पूर्णांक आठ."

"एवढंच?" एल्वान म्हणाली,
"आमच्या गावात काल बावीस होतं."
बाई हसल्या.
मला हसू आलं नाही.

मी चीज करतो. बापजाद्यांचा धंदा.
अख्ख्या गावचं दूध माझ्या कढईत येतं,
त्यातला घोटभरही माझ्या लेकीला चालत नाही.
जन्मली त्या आठवड्यात
टाचेतून रक्ताचा एक थेंब घेतला त्यांनी,
आणि दूध, अंडं, मांस, साधा पाव,
सगळं तिच्यापुरतं उंच फळीवर गेलं.
झेर्निशान बटाटासुद्धा सोन्यासारखा तोलते,
गुंजभर जास्त झाला तर कापून माझ्या ताटात टाकते.
हाडांना हवं ते सारं एका डब्यातल्या भुकटीत,
दिवसातून तीनदा, पाण्यात कालवून.
वास असा, की मांजर पाय झटकत निघून जातं.

दवाखान्यातून परतलो त्या संध्याकाळी
तिच्या खिडकीखाली, बर्फात, एक भोक दिसलं.
काठाला पिवळट.
किती महिन्यांचे पेले मुरले असतील तिथे.

ओरडणार होतो.
आत जाऊन दोन पेले कालवले, एक स्वतः तोंडाला लावला.
नाक दाबलं तरी डोळ्यांत पाणी.
ती बघत होती.
"बाबा, असं थांबत थांबत नाही,
एका दमात. मग लगेच सफरचंद."
आठ वर्षांची माझी गुरू.

रविवारी तिला चिल्दिरच्या सरोवरावर नेलं.
घोडा जुंपण्याआधी इस्कंदर काका पहारीने बर्फ फोडतो,
बाही वर सारून आत हात घालतो.
"वीत आणि चार बोटं. चालेल घोडा."
"जाड कुठून होतो हा?" तिने विचारलं, "वरून?"
"खालून गं. पाण्याच्या बाजूने.
आपल्याला कुठे दिसतंय."
घसरगाडीत ती अख्खा वेळ गप्प होती.
थंडीने असेल.

बाईंनी बजावलंय: पेला चुकवायचा नाही,
दुपारचं ऊन असेल तेवढं अंगावर घ्यायचं,
आणि उड्या. हादरा बसला की हाडं भरतात म्हणे.
वर्षाने पुन्हा यंत्र.

आता संध्याकाळी मी तळघरात असतो,
चीजच्या चाकांवर छोटी हातोडी वाजवत,
कान लावून, कुठलं भरीव, कुठलं पोकळ.
वर फळ्यांवर दोरी आपटते.
सत्तावीस, अठ्ठावीस, अडकली.
पुन्हा एक.
छताच्या फटीतून माती गळते
तयार मालावर.
झेर्निशान म्हणते, तिला अंगणात पाठवू का?
मी म्हणतो, राहू दे,
आणि हातोडी बाजूला ठेवून
मोजत बसतो.