गप्प डबी

रात्री दोनला वायपर आपोआप चालू,
कोरड्या काचेवर करकर.
लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या खैरनारांची व्हॅन,
पाथर्डी फाट्यावर, अंगणाबाहेर.
सकाळी दारं लॉक, पाने आत,
खैरनार बनियनवर रस्त्यात.
शेजारी म्हणाले, लिंबू बांधा.
लिंबू बांधलेलंच होतं.

आधी एकाने बॅटरी बदलून दिली,
दुसऱ्याने अल्टरनेटर.
बिलं डॅशबोर्डवर, रबर लावून.

मी अंबडहून स्कॅनर नेला.
इंजिन बोललं, ब्रेक बोलले,
बॉडी कंट्रोल मॉड्यूल गप्प.
घरात सगळ्यांचा आवाज
आणि किल्ल्या ज्याच्या कमरेला तोच मुका, तसं.

पायाशेजारचं पॅनेल काढलं.
वहीएवढी काळी डबी,
पिनांवर हिरवा कळंक;
कल्हईवाचूनच्या पातेल्यात ताक कळकतं, तसला.
पाणी कुठून?
बोट फिरवत वर गेलो, खांबातून
काचेच्या कोपऱ्यापर्यंत.
काच गेल्या वर्षी बदललेली,
सीलंट कोपऱ्याआधीच संपलेलं.
तेव्हा आठशे रुपये वाचले होते, खैरनार म्हणाले.
हळू म्हणाले.

नवी डबी चौथ्या दिवशी आली.
कोरी. तिला काहीच ठाऊक नाही.
लॅपटॉप लावून सांगत बसलो:
दारं पाच, एक सरकणारं.
मागे सीट नाही, तिथे वायररोप असतो.
चाव्या दोन होत्या,
एक रामकुंडावर हरवली, ती विसर.

खट्.
पाचही कुलुपं एका दमात.
खैरनारांनी दार चारदा उघडून पाहिलं,
मग लिंबाकडे हात नेला. काढू?

राहू द्या, म्हटलं.
कोपऱ्यात सीलंट भरतोय,
उद्यापर्यंत दार आपटू नका.