मोजदाद

माडांवर आकडे पडले, ते माझ्या हातचे.
लाल रंगाचा डबा, ब्रश,
गळ्यात फोटोचं ओळखपत्र,
ज्यात मी माझ्यासारखा दिसत नव्हतो.

नान्झिरूच्या किनाऱ्यावर, पुळणीपुळणीनं,
मी, बकार आमादेचा धाकटा,
झाडं मोजत चाललो होतो.
फळता माड : इतके मेतिकाल.
न फळता : त्याच्या निम्मे.
काजूचा दर वेगळा, आंब्याचा वेगळा.
वीज पडून शेंडा गेलेला, तरी उभा असलेला माड
कशात धरायचा, हे वर विचारावं लागे.
वरून उत्तर येई पोर्तुगीजमध्ये, थांबत थांबत,
जसं काही झाड तिकडेच आजारी आहे.

मुआनाशा आत्यानं विचारलं,
"आणि ओहोटीचे किती?"

ती गुडघाभर पाण्यात,
तोंडाला मुसीरोचा पांढरा लेप, कमरेवर टोपली,
टोपलीत शिंपल्यांची किटकिट.
मी फॉर्म उलटून पाहिला.
घर, भिंत मातीची की विटांची, छप्पर, विहीर,
खुराडं, कबर मोठी, कबर लहान.
ओहोटीला रकाना नव्हता.

"मग कुठेतरी कोपऱ्यात लिही," ती म्हणाली,
"की पौर्णिमा होऊन दोन रात्री गेल्या
की झोपेत पांघरूण सरकावं तसा
इथला खडक उघडा पडतो,
आणि तेवढा तासभर
समुद्र बायकांचा असतो.
त्या तासात आम्ही उसनवाऱ्या फेडल्यात,
सोयरिकी जुळवल्यात, मोडल्यात.
तुझ्या आईला कळा इथंच सुरू झाल्या.
घर गाठेपर्यंत तुला दम नव्हता."

मी समासात लिहिलं : ओहोटी, एक तास.
संध्याकाळी साहेबानं ते खोडलं.
रागानं नाही. पट्टी लावून, सरळ.
चांगला माणूस होता.
माझे बूट त्यानंच दिलेले.

नवं गाव चौदा किलोमीटर आत.
पक्क्या भिंती, पत्रा, नळ,
आणि रस्ते असे ओळंब्यात
की बकऱ्या वळायच्या विसरल्या.
आठवड्यातून दोनदा बस समुद्राकडे जाई,
सकाळी आठला, वक्तशीर.
ओहोटी रोज पाऊण तास, कधी जास्तच, पुढे सरकते
हे चंद्रानं कुणाला लेखी कळवलं नव्हतं.
बायका भरल्या पाण्यासमोर
टोपल्या मांडीवर घेऊन बसत,
आणि दोनच्या बसनं परत येत.

कबरी हलवल्या त्या दिवशीही मी यादी घेऊन होतो.
म्वालिमू पुटपुटत होते, माणसं नाकाला फडकी बांधून.
मोठ्या बत्तीस. लहान एकोणीस.
आत्याच्या परसात, कढीलिंबासारख्या त्या झुडपाखाली,
विसावी होती.
मला ठाऊक होतं. मला ठाऊक आहे हे तिला ठाऊक होतं.
तिनं बोट दाखवलं नाही.
परतताना ट्रकमध्ये एवढंच म्हणाली,
"कुणीतरी मागं राहायला हवं."

मी आता तिथेच रात्रपाळीला असतो, कुंपणावर.
टाक्या, त्यांच्यापुढे धक्का, धक्क्यापुढे
बेटाएवढी जहाजं, खलाशी न दिसणारी.
उंच नळीच्या टोकाला जाळ,
त्याच्या उजेडात पाखरं दिवस समजून ओरडतात.
एक माड राहिलाय. तारेच्या हातभर बाहेर.
का राहिला, विचारायला वर कुणाला लावायचा फोन?
बुंध्यावर माझं अक्षर : दोन हजार एकशे सतरा.
न फळता.

पौर्णिमेनंतरच्या दुसऱ्या रात्री
आत्याचा मिसकॉल येतो.
मी माझ्या पैशांनी उलट लावतो.
"पाणी कुठवर?"
"खडक उघडा पडलाय," मी सांगतो.
पडला असणार. जाळाच्या पलीकडचं
इथून नीट दिसत नाही.
ती बोलत नाही, ठेवतही नाही.
पाठीमागे कंप्रेसरची घरघर,
उठते, बसते, उठते.

"लाट ना ही?" ती विचारते.

मी हो म्हणतो.