डावा हात

मसाला मार्केटच्या मागच्या गेटाला
पंक्चरवाल्याच्या खोपटात
एकवीस वर्षं मी आकडे लिहिले.
स्वतः एकदाही लावला नाही.
हलवाई पेढे खात नाही, तसं.

तुर्भ्यात या अंगाला हवेतच मिरची असते.
शिंकेचा अपशकुन धरायचा तर धंदाच बसेल.
म्हणून गिऱ्हाइकांनी आपसात कायदा केला:
जोडीनं आली ती मिरचीची,
एकटी आली तर नशिबाची.
मग चपला काढायच्या, परत घालायच्या,
आणि मगच तोंडातून आकडा काढायचा.

हसुराम भोईर यायचा घणसोलीहून,
सिडकोनं घेतलेल्या खाचराचा सर्व्हे नंबर लावायला.
सुलटा, उलटा, कधी बेरीज करून.
"जमीन गेली. नंबर कुठं गेलाय?"

एकाचा मेलेला बाप स्वप्नात येऊन बोटं दाखवायचा,
नेमकी तेव्हाच नळाला पाणी आल्याची ओरड व्हायची.

आणि भागोजी निकम. माथाडी, कांदा-बटाट्यातला.
पहिल्यांदा आला तेव्हा माझ्या उजव्या हातात चहा होता,
डाव्यानं लिहिलं त्रेचाळीस,
पाटीवर पोरानं काढावं तसं वाकडं.
क्लोजला त्रेचाळीस.
शंभराचे नऊ हजार.
बायकोला कानातलं केलं त्यानं,
आणि मला डावखुरा.

अकरा वर्षं त्याची चिठ्ठी मी डाव्यानं लिहिली.
अक्षर सुधारलं.
आकडा काही परत आला नाही.

शिवाय त्याचा तो चौकड्यांचा शर्ट,
सोमवारी चढवलेला शनिवारपर्यंत पाण्याला लावायचा नाही.
दर हप्त्याला नवा नेम,
जुना नेम तसाच.

तो गेल्यावर, मार्गशीर्षात, मालन आली.
जुन्या टायरवर बसली, पदर सावरत.
कानातलं नव्हतं.
"पतपेढीचे पाच हजार लावले ना त्यांनी,
त्याच सकाळी मी शर्ट धुतला होता.
वास मारत होता ओ.
मरेपर्यंत तेच ऐकवलं मला.
तुम्ही इतकी वर्षं बघताय,
खरं सांगा,
शर्टानं जातं का?"

मला तो दिवस ठाऊक होता.
व्हल्कनायझिंगच्या तव्यावर डावा अंगठा भाजला होता माझा.
चिठ्ठी उजव्या हातानं लिहिली.
भागोजीनं चिठ्ठीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं,
घडी केली आणि खिशात घातली.
ओल्या कॉलरच्या शर्टाच्या खिशात.
मला एक शब्द बोलला नाही.
घरी जाऊन तिला बोलला.

"शर्टानं काही जात नसतं, वहिनी,"
मी म्हणालो.
अंगठा मुठीत धरून.

तेवढ्यात कुणीतरी पलीकडं गोणी आपटली,
लाल धूळ दारातून आत आली,
आणि मालन शिंकली.

एकदाच.

तिनं चपलांकडं बघितलं.
मीही.
कायदा घरापर्यंत पोचला होता तर.
ती उठेना, मी काही बोलेना,
दुसरीची वाट बघत
आम्ही दोघं तसेच बसून राहिलो.