पाझराची बाटली

गंगवाल स्टँडवर देपालपूरची बस सोडून, तिथून पायी,
रामकन्याबाई सुदामानगरात माझ्या दारात येऊन उभी राहिली.
पदराखाली सरबताची बाटली.
मी पोहे खात होतो. तिने ती बशीशेजारी ठेवली.
"हलावजो मती, साब. देखजो."

तळाशी करंगळीच्या पेराएवढी माती बसली होती.

निवृत्तीला सहा वर्षं झाली होती तेव्हा.
जामल्याखेडीचा तलाव माझ्या हाताखाली झालेला:
नऊ मीटर उंची, पोटात काळी माती, अंगावर मुरूम.
उद्घाटनाचा नारळ तीन फटक्यांत फुटला,
गावाच्या लक्षात तेवढंच राहिलं.
तिचा नवरा नग्गा तिथला चौकीदार. त्याला मीच शिकवलं,
मातीचं धरण पाझरतं. पाझरू दे.
पायथ्याशी रोज ग्लास धर, उजेडाकडे करून बघ.
नितळ असेल तर वहीत लिही, ठीक.
गढूळ असेल तर वही टाक आणि पळ.
नग्गा गेला. वही खात्याने परत मागवली.
ग्लासाची नोंद कुठेच नव्हती, म्हणून तो तिच्याकडे राहिला.

ऑफिसात फोन लावला. कुणी गोड आवाजाचा मुलगा म्हणाला,
मार्चमध्ये अंदाजपत्रक जाईल, सर.
बाटलीला मार्च ठाऊक नव्हता.

गेलो. भाद्रपदाचं ऊन, सोयाबीन शेंगेवर आलेलं.
भिंतीवर मनगटाएवढ्या बाभळी, एका बुंध्याशी सायाळीचं बीळ.
सांडव्यावर रेतीच्या पोत्यांची ओळ:
चार बोटं पाणी जास्तीचं अडवलेलं.
चार बोटं म्हणजे हरनाथ कलोताच्या गव्हाचं शेवटचं पाणी,
मला हिशेब कळत होता.
आणि खाली, जिथे जुना ओढा पुरलेला आहे,
वाटीएवढा एक उमाळा.
त्यात वाळू नाचत होती, आधणातल्या तांदळासारखी.

पोरं चिकणमातीची घमेली घेऊन धावली. बुजवा, बुजवा!
मी ओरडलो. नोकरीत कधी ओरडलो नव्हतो.
बुजवलं तर पाणी दुसरीकडून निघेल
आणि तेव्हा कुणाला विचारणार नाही.
आधी वाळू टाका. वर गिट्टी. वर दगड.
पाण्याला जाऊ द्या, मातीला थांबवा.

(सुलभाच्या शेवटच्या आजारात हे मला सुचलं नाही.
तिचे डोळे भरले की मी म्हणायचो, काही नाही, काही नाही होत.
घमेल्यामागून घमेलं.)

हरनाथ सांडव्यावर हाताची घडी घालून उभा.
मी नियम सांगितला, तो तलावाकडे बघत राहिला.
रामकन्याबाई चढून गेली आणि ग्लास त्याच्या हातात दिला.
त्याने तो उन्हात धरला. बराच वेळ.
मग पहिलं पोतं त्यानेच ओढलं.
चौथ्या पोत्याला मला आईवरून शिवी दिली,
सातव्याला पाणी मागितलं, प्यायला.
चार बोटं पाणी रात्रभर ओढ्यातून जात राहिलं,
आम्ही बंधाऱ्यावर बसून ते ऐकत होतो.
पहाटे ग्लासातून पलीकडची म्हैस दिसली. शिंगांसकट.

तेव्हापासून दर सोमवारी कंडक्टरच्या हाती बाटली येते.
मी ती खिडकीत ठेवतो, संध्याकाळपर्यंत हलवत नाही.
शेजारचे जोशी विचारतात, तीर्थ का?
मी हो म्हणतो.
खात्याने बाभळी तोडल्या, मुळं तशीच ठेवली.
मुळं कुजली की त्यांच्या जागी नळ्या होतात,
हे मी लेखी कळवलंय. पोच आहे माझ्याकडे.

आज सोमवार. बस वेळेवर आली.
कंडक्टर म्हणाला, बाई स्टॉपवर नव्हती,
तिकडे काल रात्री पाऊस चांगला होता.

दुपारची बस अडीचला सुटते.
मी बूट शोधतोय.