अळणी

आयलर्टचं ड्रिलिंग मशीन आस्लाउगच्या जवाच्या शेतात उभं आहे,
लोखंडी पट्ट्यांवर, गाभण गायीसारखं जड.
नगरपालिकेला इथं शाळा हवी आहे.
नकाशावर निळा चौकोन, त्यात सहा ठिपके.
सहाव्या ठिपक्यावर आज रॉड.

वरचे दोन मीटर कवच. सुकं, भेगाळ.
त्यानं रॉडला अडवून धरलं, कुरकुर केली.
मग काही नाही.
नऊ मीटर, बारा, सतरा,
आलेखाची रेघ उतरत राहिली
कुठंही न अडखळता,
जसं एखादं माणूस प्रत्येक गोष्टीला हो म्हणत जातं
आणि आपल्याला आधी बरं वाटतं, मग भीती.
आयलर्टनं ओतायला घेतलेली कॉफी ओतली नाही.
थर्मासचं झाकण पुन्हा फिरवून बसवलं.
"खाली कुणी भांडतच नाहीये," म्हणाला.

नमुना नळीतून माझ्याकडे आला,
दोन्ही तोंडं बंद, गाडीत मांडीवर,
प्रत्येक वळणाला श्वास धरून.
अहवालात याला अबाधित म्हणतात.
निळसर राखाडी. तारेनं स्वच्छ कापली जाते.
शंकू सोडला: पाच मिलिमीटर रुतला, थांबला.
दहा किलोचं वजन ठेवलं, तरी उभी.
मग तीच माती कपात घेतली
आणि थेंबभरही पाणी न घालता ढवळली.
चाळीस वेढे द्यायचे ठरले होते, विसालाच थांबले.
ताकासारखी ती
एका कपातून दुसऱ्यात गेली.

इथं समुद्र होता.
बर्फाचं ओझं उतरलं तशी जमीन वर आली,
फियॉर्ड मागे सरला.
गाळाचे कण राहिले एकमेकांना टेकून,
समुद्रानं बसवले होते तसेच.
मग दहा हजार वर्षं गोडं पाणी
त्यांच्यातून झिरपत मीठ नेत राहिलं,
चिमूट चिमूट.
मीठ गेलं. बसायची रीत तेवढी उरली.
कुणी धक्का देईपर्यंत
ती रीत घर पेलते.

आस्लाउग बुधवारी प्रयोगशाळेत आली, रबरी बुटांनिशी.
"आजोबांचे दोन घोडे, वडिलांचा ट्रॅक्टर,
कुणाचं काही कधी रुतलं नाही."
मी वाद घातला नाही, कप पुढे केला,
आणि डब्यातलं मीठ,
दुपारच्या अंड्यावर आम्ही घेतो तेच. दोन चिमटी.
ढवळा म्हटलं.
तिच्या हाताखाली पातळ माती जड होत गेली,
चमचा आपला आपण उभा राहिला.
खाल्ल्या मिठाला माती अजून जागते,
कुणी खाऊ घातलं तर.

ती हसली नाही. हेरिंग खारवण्यात तिचं आयुष्य गेलेलं.
"सगळ्या शेताला किती लागेल?"
मी अंदाजे आकडा सांगितला. जहाजांत सांगितला.
तिनं बोटं पुसली, एकेक.
"आणि माझ्या घराखाली?"

घर निळ्या चौकोनाबाहेर आहे.
बाहेर ठिपका नाही,
ठिपका नाही तिथं निधी नाही,
हे मी तिला सांगत असताना
माझाच आवाज मला कपातल्यासारखा वाटला.

शाळा आता टेकाडावर जाईल, खडकावर.
पोरांना चढ पडेल, पालकांची पत्रं येतील.
शनिवारी, सुट्टीच्या दिवशी, आयलर्टनं मशीन
तिच्या स्वयंपाकघराच्या खिडकीखाली नेलं.
सातवा ठिपका, कुठल्याच नकाशावर नसलेला.
ती नळी माझ्या शीतकपाटात आहे.
सोमवारी कापायची होती.
आज गुरुवार.

आस्लाउगचा फोन आलेला नाही.
आयलर्ट सांगतो, ती हल्ली दारं हळू लावते.
दारानं माती हलत नसते,
हे मी कुणालाही आकड्यांनी दाखवू शकते.
शीतकपाट मात्र
मीही हळूच लावते.