सांगता येत नाही

संपाचा अकरावा दिवस.
सीताबर्डी स्टेशनच्या जिन्याखाली
एका फॉर्मचे नऊ रुपये, या भावानं
मी लोकमत गोळा करते.

प्रश्न दोनच.
बस कर्मचाऱ्यांच्या संपाला पाठिंबा आहे का?
विनाचालक गाडी आली तर बसाल का?
उत्तरं तीन : हो, नाही, सांगता येत नाही.
चौथ्या उत्तराला स्क्रीनवर जागा नाही,
आणि लोक सुरुवातच चौथ्यापासून करतात.

मेडिकलच्या नर्स, मनोरमाबाई ढवळे,
रात्रपाळी करून पायी आलेल्या,
तुटकी चप्पल हातात.
"ऑटोवाला दोनशे मागून राहिला.
पगार थकला म्हणतात त्यायचा,
माझाही थकला होता,
मी कोणाचं सलाईन बंद केलं का?"
मी 'नाही'वर बोट नेलं.
"थांब," त्या म्हणाल्या,
"करता आलं असतं तर केलं असतं."
बोट तसंच राहिलं.

हिंगण्याच्या कॉलेजचा पोट्टा,
कानात पांढरी बोंडं.
"मशीन कधी संपावर जात नाही, ताई."
तेवढ्यात त्याच्या मागचा सरकता जिना
गचकन थांबला.
तो हसला. मीही.
मग दोन्ही प्रश्नांना उत्तर देऊन
पायऱ्या चढत गेला, एकेक.

टेंभुर्णे काका, निवृत्त, हातात छत्री, ऊन पंचेचाळीस :
"काढून टाका साऱ्यायले!"
आजूबाजूचे चार जण माना डोलवत थांबले.
ते पांगल्यावर हळूच,
"चालकांच्या भरतीची यादी निघाली का काही?
पोराचं नाव होतं त्यात."

तर्री-पोहेवाला म्हणाला,
संप असला की पोहे उरतात,
नसला की ड्रायव्हरायची उधारी उरते,
कोणत्या खान्यात टाकतेस, टाक.

निकोसे साहेबांनी कामावर घेताना विचारलं होतं,
घरचं कोणी वाहतूक खात्यात?
तिथं उत्तरं दोनच होती.
मी नाही म्हटलं.

पारडीच्या आमच्या खोलीत
गुणवंत रोज खाकी शर्ट धुतो.
अकरा दिवसांत न घातलेला शर्ट
अकरा वेळा दोरीवर.
आई म्हणते, साबणाचे पैसे कोण देते रे?
तो निळीचं पाणी ढवळत राहतो.

"काय म्हणून राहिले लोक?" त्यानं विचारलं.
मी टॅब उशीखाली सरकवला.
"मले विचार ना. माझा फॉर्म भर."
"तुझा चालत नाही."
"तरी विचार."

संपाचं त्यानं विचारूच दिलं नाही.
दुसऱ्याला म्हणाला, "हो लिही.
बसीन मी तिच्यात.
तिले झोप येत नाही, पाठ दुखत नाही,
तिची पोरगी तापानं फणफणत नाही.
चांगलीच असंल."
मग बराच वेळ काही नाही. कूलरचा पंखा खडखडत होता.
"फक्त एक विचार तुह्या साहेबाले.
गाडी सुटली, अन् मागून कोणी पिशवी घेऊन
पळत येऊन राहिलं,
तर डाव्या आरशात पाहणार कोण?"

हे टाकायला रकाना नव्हता.
मी 'हो' दाबलं. नऊ रुपये झाले.

सकाळी प्रजापती नगरला मी उशिरा पोचले,
दुपट्टा सुटलेला, पिशवीत डबा,
फलाटावर पाऊल ठेवलं तशी दारं मिटली.
मी हात केला. उगाच, बसला करतात तसा.
पुढच्या काचेत माणूस होता,
पांढरा शर्ट, माझ्याच वयाचा असेल.
त्यानं पाहिलं नाही.
किंवा पाहिलं,
आणि पाहिल्यावर काय करायचं
हे त्याच्या हातात नव्हतं.

गाडी वळणावर गेली.
फलाटावर मी एकटीच उभी,
दिवसाचा पहिला फॉर्म उघडून.